आमच्या मागचा ओढा, एक लाँगबुक आणि अकरा नंबरचा पाइप

पाणंद
रविवार, सकाळी १०.२०

बरेच दिवस लिहायचं म्हणत होते. आज ओढ्यावरून आले, पाय धुतले, चहा टाकला आणि टंकायला बसलेच. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

आमची कॉलनी कोल्हापुरात, कळंब्याच्या अंगाला. नाव मुद्दाम देत नाही. पुढं ज्यांचा विषय निघणार आहे ती सगळी गल्लीतलीच माणसं, उद्या सकाळी दुधाच्या रांगेत तीच भेटणार. घराच्या मागून ओढा जातो. तो पुढं जयंतीला मिळतो आणि जयंती पंचगंगेला. सासूबाई त्याला ओढा म्हणतात. "मी लगीन होऊन आलो तवा हितंच धुणं आपटत होतो, पोरं खेकडी धरायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझी लेक त्यालाच नाला म्हणते. तिचंही चुकत नाही, तिनं बघितलाय तोच तसा. देवांचे पत्ते मात्र आपण बदललेले नाहीत. ओढ्यावरची रेणुका, ओढ्यावरचा गणपती. आंबील यात्रेला घुगऱ्या नि मेथीची भाजी घेऊन रांगेत उभं राहताना 'नाल्यावरच्या रेणुकेला आलोय' असं कुणी म्हणत नाही.

गेल्या वर्षभरात आम्ही तीनदा श्रमदान केलं. हातमोजे, टोप्या, ट्रॅक्टरची ट्रॉली भरून प्लास्टिक, शेवटी वडापाव आणि फोटो. पंधरा दिवसांत परत होतं तसं. आणि वास तर एक दिवससुद्धा कमी झाला नाही. तेव्हा डोक्यात आलं की प्लास्टिक दिसतं म्हणून आपण ते काढतोय. वास येतोय तो न दिसणाऱ्या गोष्टीचा.

मी बँकेत आहे. संध्याकाळी कॅश दहा रुपयांनी कमी आली तरी उठता येत नाही, कुठं गेले ते शोधावंच लागतं. तीच खोड ओढ्याला लावली. लेकीचं निम्मं कोरं लाँगबुक घेतलं आणि रकाने पाडले. तारीख, वेळ, जागा, रंग, वास, फेस, आदल्या दिवशी पाऊस होता का. वरच्या मोरीपासून खालच्या वळणापर्यंत ओढ्यात किती पाइप उघडतात ते मोजलं. सतरा. पांढऱ्या ऑइल पेंटनं प्रत्येकावर नंबर टाकला. (हे करताना दोन जणांनी विचारलं, "मॅडम, घरपट्टीचा सर्व्हे का?")

सतरापैकी नऊ पावसाचे, बाकी वेळ कोरडे. पाच चोवीस तास ठिबकतात. तीन लहरी आहेत, आले तर आले. अकरा नंबर हा त्यातलाच. मी बघायला जायचे तेव्हा कायम कोरडा, पण त्याच्याखालचे दगड बुळबुळीत आणि मोरीखाली फेसाचा हा एवढा ढीग, दुधावर साय यावी तसा. एका शनिवारी पहाटे सव्वापाचला गेले तेव्हा पाइप भरून वाहत होता. पाणी कोमट, त्याच्या वाफा निघत होत्या, निळसर झाक आणि साबणाचा वास. साडेसहाला परत गेले तर थेंब नाही.

त्यानंतर महिनाभर पहाटे जातेय. वही चाळल्यावर दिसलं की अकरा नंबर बहुतेक करून बुधवारी आणि शनिवारी पहाटे येतो, कधी सोमवारी. हे वार कुणाचे असतील? आणि तो पाइप कुठल्या इमारतीतून येतो ते कसं शोधायचं? वर रस्ता आहे, रस्त्यापलीकडं दहा-बारा घरं आणि दुकानं. उगाच कुणावर बोट ठेवायचं नाही मला.

तांबडा रस्सा
रविवार, सकाळी ११.०५

ताई, नाद खुळा! पहाटे पाचला उठून गटार बघायचं म्हणजे खायचं काम न्हवं. आमच्या तालमीची पोरं देतो पाठवून. माझं म्हणाल तर एक पोकलेन लावूया, दोन दिवसांत ओढा कसा आरशासारखा. आणि गॅरेजवाल्यांना पहिलं धरा. सगळं ऑइल तेच सोडत्यात.

गॅरेज गल्ली
रविवार, दुपारी १२.४०

रस्सा, जरा दमानं भावा. आम्ही ऑइल ओतायला येडे आहे काय? जळक्या ऑइलला गिऱ्हाईक असतंय. सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला डबे भरभरून नेतात. ओतलं तर माझंच नुकसान. गाड्या धुतलेलं पाणी जातंय, ते कबूल करतो. त्यात ग्रीस, माती, शांपू सगळं असतंय. त्याला काय करायचं ते सांगा, करतो. पण आधी आरोप आणि मग चौकशी असलं नको.

पाइपफिटर
रविवार, दुपारी २.१५

पंधरा वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून आतली गोष्ट सांगतो. शहरात दोन वेगळ्या वाटा असतात. एक पावसाच्या पाण्याची, ती सरळ ओढ्यात जाते. दुसरी ड्रेनेजची, ती पंपिंग स्टेशनवरून प्रक्रिया केंद्रात जाते. कसबा बावड्याचं केंद्र ७६ एमएलडीचं, दुधाळीचं १७ एमएलडीचं. एक एमएलडी म्हणजे रोजचे दहा लाख लिटर. तिथवर पाणी पोचलं तर त्याचं काहीतरी होतं. पावसाच्या गटारात गेलं तर सरळ नदी.

आता गिऱ्हाईक म्हणतं, कनेक्शन करून दे. ड्रेनेजचं चेंबर रस्त्याच्या त्या बाजूला, म्हणजे रस्ता खोदायची परवानगी, खोदाईचे पैसे, उतार मिळवायचा, आठ दिवस थांबायचं. पावसाचं गटार दारातच असतं. तासाभरात पाइप ढकलला की काम संपलं. मालकाला पावती मिळते, त्यावर 'ड्रेनेज जोडणी' असंच लिहिलेलं असतं. त्याला वाटतं आपण सगळं रीतसर केलंय. सगळेच असं करत नाहीत, पण करतात. सुरुवातीला एक-दोनदा मीही केलंय, खोटं कशाला बोलू.

पाइप कुठून येतो ते शोधायला जिलेबीचा रंग वापरा. किराणा दुकानात मिळतो तो केशरी. मालकाला विचारून त्याच्या मोरीत किंवा संडासात पाण्यात कालवून ओतायचा, वर दोन बादल्या पाणी. एकानं ओढ्यावर थांबायचं. पाइपातून केशरी आलं की समजलं. विचारून करा मात्र. न विचारता केलं तर भांडणं होतात.

शिरोळची सून
रविवार, दुपारी ४.३०

वाचतेय. माहेर कोल्हापूरचं, सासर शिरोळ तालुक्यात, म्हणजे तुमच्या ओढ्याच्या खालच्या टोकाला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. मग कोल्हापूर, मग इचलकरंजी, आणि मग आम्ही. पुढं नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. तेरवाडच्या बंधाऱ्यावर उन्हाळ्यात एकदा येऊन बघा. पाणी दिसत नाही, नुसतं केंदाळ, म्हणजे जलपर्णी. त्याच्या कडेला मेलेल्या माशांचा खच पडतो तेव्हा आमच्याकडं दोन दिवस कुणी दारं-खिडक्या उघडत नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली. तेव्हापासून आमच्या घरात पाणी उकळल्याशिवाय पाहुण्यालासुद्धा देत नाहीत.

शहरातल्या माणसाला वाटतं, घाण वाहून गेली. ती आमच्याकडं येते.

निवृत्त रसायन
रविवार, संध्याकाळी ६.००

पाणंदताई, वही उत्तम. तिच्यात एक रकाना वाढवा: पाण्यात विरघळलेला प्राणवायू. सांडपाणी ओढ्यात आलं की जिवाणू ते खायला लागतात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे विषापेक्षा बहुतेक वेळा गुदमरून मरतात. शिरोळच्या ताई म्हणतात तो खच त्यातलाच असावा. आंघोळीला योग्य पाण्यात लिटरमागं किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा आणि बीओडी, म्हणजे ती घाण खायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅमच्या आत हवा, हे आपल्याकडचं प्रमाण आहे.

मी कॉलेजात हे आयुष्यभर शिकवलं, बाटल्या अजून घरात आहेत. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली, घासून बसवलेलं बूच. ती पाण्यात बुडवून, आत एकही बुडबुडा न ठेवता भरायची. काठावरच तिच्यात २ मिलि मँगनस सल्फेट आणि २ मिलि अल्कलाइन आयोडाइड सोडायचं, बूच लावून उलटीपालटी करायची आणि थांबायचं. प्राणवायू असेल तर काकवीच्या रंगाचा साका बसतो. नसेल तर ताकासारखा पांढरा. नेमका आकडा काढायला पुढं तीव्र ॲसिड आणि थायोसल्फेट लागतं, ते मी प्रयोगशाळेत करून देईन. पण नुसता रंग बघूनही पुष्कळ कळतं. ही रसायनं त्वचा भाजणारी आहेत, त्यामुळे मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

रस्सा, पोकलेनचं नाव काढू नका. गाळाबरोबर तो काठाचा लव्हाळाही उपटून नेतो. लव्हाळ्याच्या मुळांवर जे जिवाणू बसलेले असतात ते फुकटात पाणी साफ करत असतात. शिवाय ओढा सरळ आणि खोल केला की पाणी थांबत नाही, तेच पाणी खाली जोरात जातं.

तांबडा रस्सा
रविवार, संध्याकाळी ६.२०

बरं सर. पोकलेन रद्द. गॅरेजवाले भाऊ, तुमचीबी माफी मागतो.

पुण्यात अडकलेला
रविवार, रात्री ९.१०

मस्त धागा. वहीऐवजी एखादं ॲप करूया का? जीपीएस, फोटो, आपोआप आलेख. मी करून देतो.

पाणंद
रविवार, रात्री ९.३५

दादा, मनापासून आभार. पण पहाटे पाचला एका हातात बॅटरी, एका हातात काठी (कुत्री फार आहेत), मोबाइल धरायला तिसरा हात नाही. वही एकदा पाण्यात पडली होती, तव्यावर शेकून वाळवली. पुढं बघू.

पाइपफिटर दादा, जिलेबीचा रंग!! उद्याच आणते.

काळा कोट
सोमवार, सकाळी ८.५०

एक गोष्ट आधीच समजून घ्या, म्हणजे नंतर हिरमोड होणार नाही. तुम्ही भरलेली बाटली कायद्यानं पुरावा ठरत नाही. जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा १९७४ चा. त्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं घ्यायचा, तिथल्या तिथं संबंधिताला नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, सील करायचं. असं केलं तरच तो न्यायालयात चालतो.

मग वहीचा काय उपयोग? अधिकारी दुपारी बाराला येणार आणि अकरा नंबर पहाटे सव्वापाचला वाहतो. तुमची वही सांगते की कोणत्या वारी, किती वाजता, कुठल्या दगडावर उभं राहायचं. 'ओढा फार घाण झालाय, लक्ष घाला' असल्या अर्जाचं पुढं काय होतं ते मी रोज बघतो. 'बुधवार, पहाटे ५.१५, पाइप ११, सोबत सहा तारखा' असा अर्ज बाजूला सारायला जड जातो.

आणि हो, ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय म्हणून लगेच याचिका टाकूया असं कुणी म्हणू नका. आधी शेजाऱ्याशी बोला. निम्मी प्रकरणं तिथंच मिटतात. माझ्या धंद्याचं नुकसान करून सांगतोय.

बावडेकर पाहुणा
सोमवार, दुपारी १.३०

२०१९ ला आणि २०२१ ला व्हीनस कॉर्नरला पाणी आलं तेव्हा सगळे नदीला शिव्या देत होते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे शेंबड्या पोरालाही पाठ झालं. पण नदी फुगली की जयंतीचं पाणी पुढं जात नाही, मागं शहरात शिरतं, हे कुणी बोलत नाही. ओढ्याच्या दोन्ही अंगांनी भराव टाकून त्याची बोळ केली की ते पाणी राहणार कुठं? पूर आणि घाण हे दोन वेगळे विषय नाहीत, एवढंच म्हणायचंय. बाकी चालू द्या.

पाणंद
तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२.१५

खूप घडलंय, क्रमानं सांगायचा प्रयत्न करते.

आधी वारांचं कोडं. ते सासूबाईंनी सोडवलं. मी वही घेऊन बसले होते, त्या शेंगा सोलत होत्या. "बुधवार नि शनवार? म्हंजी मंगळवार नि शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी. देवीची गर्दी झाली की काय तरी असंल," म्हणाल्या आणि परत शेंगा. मला दोन मिनिटं लागली. मंगळवार-शुक्रवारी अंबाबाईला भाविक येतात, लॉज भरतात, दुसऱ्या दिवसासाठी चादरी धुवायला जातात. सोमवार म्हणजे शनिवार-रविवारचे पर्यटक. रस्त्यापलीकडं एका बंद शटरमागं लॉजच्या चादरी धुणारी लाँड्री आहे, बाहेर पाटी नाही. निळसर झाक म्हणजे नीळ, वाफा म्हणजे गरम पाणी. रात्री मशिनं चालायची, पहाटे टाकी मोकळी व्हायची.

काळा कोट यांचं ऐकून आधी भेटायला गेलो. मी, सर, आणि गॅरेज गल्लीतले ते भाऊ. ते त्या मालकाच्या ओळखीचे निघाले, हे बरं झालं. मालक आधी चिडले. "मी पैसे भरून ड्रेनेजला जोडणी केली आहे" म्हणत कपाटातून पावती काढून दाखवली. पाइपफिटर दादा, पावतीवर तुम्ही सांगितलेलेच शब्द! मग मी म्हटलं, तुमचीच खात्री करून घेऊया की. त्यांच्या समोर त्यांच्याच मोरीत केशरी रंग ओतला. लेक ओढ्यावर उभी होती. चार मिनिटांनी तिचा फोन, "आई, जिलेबी आली!" मालकाला फोन स्पीकरवर ऐकवला. ते काही बोलले नाहीत. मग चहा मागवला.

त्यांनी रस्ता खोदायची परवानगी काढली, त्यासाठी एका कार्यालयात त्यांना आणि मला मिळून पाच खेपा घालाव्या लागल्या. आपणहून चूक दुरुस्त करणाऱ्या माणसाला इतके कागद का लागतात ते मला कळलेलं नाही. पण गेल्या सोमवारी जोडणी झाली. या बुधवारी आणि शनिवारी पहाटे जाऊन बघितलं. अकरा नंबर कोरडा. मोरीखाली फेस नाही.

शनिवारी दुपारी सरांच्या बाटलीत साका बसला तो झकास काकवीच्या रंगाचा. मी तर पेढे वाटायच्या बेतात होते.

निवृत्त रसायन
रविवार, दुपारी १.००

पेढे थांबवा. बाटली किती वाजता भरली?

पाणंद
रविवार, दुपारी १.०५

साडेतीनला. तुम्ही लग्नाला गेला होता, रसायनं सोडायला तुमचा विद्यार्थी आला होता.

निवृत्त रसायन
रविवार, दुपारी १.४०

तिथंच घोटाळा आहे. खालच्या वळणावर पाणी थांबतं, तिथं हिरवं शेवाळ आहे. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, त्यामुळे दुपारी घाणेरडं पाणीही उत्तीर्ण होतं. रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढून घेतं. खरी परीक्षा सूर्य उगवायच्या आधीची. उद्या पहाटे मी येतो. आणि यापुढं वेळ बदलायची नाही, नाहीतर आजच्या आकड्याची कालच्याशी तुलनाच होणार नाही.

पाणंद
सोमवार, सकाळी ७.१५

आताच आलो. वरच्या मोरीजवळ साका फिकट तपकिरी, चहात दूध जास्त झाल्यासारखा. खालच्या वळणावर ताक. पांढरंशुभ्र ताक.

खरं सांगू, रडू आलं. बाटली हातात धरून तिथंच कठड्यावर बसले. सर म्हणाले, लाँड्रीचा फेस दिसायचा, म्हणून तुम्ही त्याच्या मागं लागला. ते पाच पाइप बघा, जे चोवीस तास ठिबकतात. वही उघडली. २, ५, ६, १४, १५. पाचांपुढं मी महिनोन्महिने एकच शब्द लिहीत आले होते, 'नेहमीप्रमाणे'.

आणि त्यातला १४ नंबर बहुतेक आमच्याच अपार्टमेंटचा आहे. सेप्टिक टँक कधी उपसली ते सोसायटीत कुणालाच आठवत नाही.

पाइपफिटर
सोमवार, सकाळी ९.३०

ताई, तेच म्हणणार होतो. सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसली नाही की गाळ वरपर्यंत येतो आणि मैला तसाच बाहेर पडतो. ठिबकणारा पाइप म्हणजे नव्वद टक्के तेच. टँकर बोलवा, आणि गाळ कुठं नेऊन ओततो ते त्याला विचारा. नाहीतर तुमच्या ओढ्यातनं काढून दुसऱ्याच्या ओढ्यात.

शिरोळची सून
सोमवार, सकाळी १०.१०

पाणंदताई, स्वतःच्या बिल्डिंगचा नंबर इथं लिहिलात. आमच्याकडच्या बायकांना दाखवणार आहे हे.

गॅरेज गल्ली
सोमवार, दुपारी १२.००

माझं पण लिहा वहीत. गाड्या धुतो तिथं वाळूचा नि खडीचा खड्डा केलाय, वरची ग्रीस काढायला आडवी फळी टाकलीय. सर येऊन बघून गेले. म्हणाले अजून खोल पाहिजे. करतो.

तांबडा रस्सा
सोमवार, संध्याकाळी ५.४५

रविवारी पहाटे तालमीची सहा पोरं येणार. गमबूट घालूनच या म्हणून सांगितलंय, पायाला जखम असंल त्यानं पाण्यात उतरायचं न्हाई, लेप्टोचं, म्हंजी उंदराच्या मुतातनं होणाऱ्या तापाचं लफडं नको. पाच पाइप, पाच ठिकाणी एकेक पोरगं. सहावा चहा आणंल.

पाणंद
सोमवार, संध्याकाळी ६.३०

पावणेसहाला वरच्या मोरीवर. आज रात्री सोसायटीची मीटिंग आहे, १४ नंबरचा विषय मीच काढणार आहे. अध्यक्ष आमचे हेच आहेत, म्हणजे घरचं जेवण आजच्यापुरतं गृहीत धरता येत नाही.

पुण्यात अडकलेला
सोमवार, संध्याकाळी ६.५०

ताई, ॲप राहू दे. आमच्या पुण्यातल्या सोसायटीमागंही एक नाला आहे. एका बिल्डिंगला जिलेबीचा रंग किती लागतो?

पाइपफिटर
सोमवार, संध्याकाळी ७.०५

एका मोरीला दोन चमचे, बादलीभर पाण्यात. आणि जुने कपडे घालून जा, डाग निघत नाहीत.